नागपूरचा उन्हाळा आणि ग्राफिक्स कार्ड : हवा, वीज आणि दिवे यांच्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

संगणक घरचाच आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, जुन्या बाजारातून घेतलेले आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि समोर काच व तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे असलेले कॅबिनेट, अशी त्याची रचना आहे. त्यावर रात्रभर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर चालते, म्हणजे दृश्यातून एकेक चित्र (फ्रेम) तयार होत राहते. हिवाळ्यात काही त्रास नव्हता. मार्च संपत आला तसे पंखे फार आवाज करू लागले, पहिल्या फ्रेमला २ मिनिटे १० सेकंद लागत असतील तर अर्ध्या तासानंतर अडीच मिनिटे लागू लागली आणि मधूनच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद सापडते. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते. तसे का झाले हे तिच्यातून कळत नाही, त्यामुळे तिच्यावरून पॉवर सप्लाय बदलायला धावू नये.

मोजल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, असे आधीच ठरवले आहे. साधे खोलीचे थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवले आहे. प्रत्येक चाचणीत ब्लेंडरचे एकच दृश्य अर्धा तास चालवायचे, सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये आकडे टिपायचे आणि त्यांच्यासोबत खोलीचे तापमान न विसरता लिहायचे. आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात, तर एप्रिलमधल्या नागपुरात दुपारची खोली ३४ अंशांवर असते. तेच कार्ड, तोच पंखा, तरीही केवळ खोलीमुळे बारा-चौदा अंशांचा फरक पडतो.

आजचे आकडे असे आहेत : खोली ३४, ग्राफिक्स कार्डाचा गाभा (मुख्य चिप) ८३, हॉट स्पॉट (त्याच चिपवरची सर्वांत तापलेली जागा) १०६, कार्डाचे पंखे ९० टक्क्यांच्या वर. गाभा ८३ अंशांना पोचला की हे कार्ड स्वतःहून वेग कमी करते. फ्रेम लांबण्याचे कारण तिथेच दिसते.

१६ एप्रिल

कॅबिनेटची बाजूची काच काढून तीच चाचणी घेतली. गाभा ७६ वर आला, हॉट स्पॉट ९९ वर आला. दोन्ही सात अंशांनी उतरले, पण दोघांमधले अंतर २३ होते ते २३ च राहिले.

या एका चाचणीने पुढची दिशा ठरली. काच काढल्यावर जे सात अंश कमी झाले, तो हवेच्या मार्गाचा दोष आहे. गाभा आणि हॉट स्पॉट यांच्यातले २३ अंशांचे अंतर हवेने हलत नाही, म्हणजे चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमध्ये बिघाड आहे. धडधाकट कार्डात हे अंतर साधारण दहा ते पंधरा अंश असते. चाचणीला पैसे लागत नाहीत, स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. म्हणून ज्यांचे कार्ड तापते आहे त्यांनी पंखे मागवण्याआधी ही चाचणी जरूर करावी.

१७ एप्रिल

हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे पाहायला उदबत्ती पुरेशी असते. खोलीतले पंखे बंद केले, संगणकावर काम लावले आणि पेटलेली उदबत्ती कॅबिनेटभोवती हळूहळू फिरवली.

समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट आहे आणि तीनही पंख्यांना हवा तिथूनच ओढावी लागते. वरच्या दोन पंख्यांसाठी फटीजवळचा धूर सरळ आत गेला, पण सगळ्यांत खालच्या पंख्यापाशी तो काचेवर आपटून तिथेच घुटमळत राहिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट छतावर दिसली. छताला दोन पंखे आहेत, एक मागे आणि एक पुढे, दोन्ही हवा बाहेर टाकणारे. समोरच्या वरच्या पंख्याने आत घेतलेला धूर प्रोसेसरपर्यंत न पोचता छताच्या पुढच्या पंख्यातून लगेच बाहेर पडत होता. ताजी हवा दारातूनच परत पाठवली जात होती.

छताचा पुढचा पंखा काढून टाकला. एक पंखा कमी झाल्यावर प्रोसेसरचे तापमान ८४ वरून ८० वर आले. जास्त पंखे म्हणजे जास्त गारवा, हा समज यंत्र जोडणाऱ्यांमध्ये फार पक्का आहे. या कॅबिनेटमध्ये तो साफ खोटा ठरला.

२० एप्रिल

समोरची काच काढून ठेवली आणि त्या जागी खिडकीला लावतात तशी बारीक नायलॉनची जाळी चौकटीवर ताणून चुंबकपट्टीने बसवली. जाळी आणि चुंबकपट्टी मिळून २८० रुपये लागले. छतावरून काढलेला पंखा कॅबिनेटच्या तळाशी, कार्डाच्या बरोबर खाली, हवा आत घेण्यासाठी लावला. पंख्याची दिशा ओळखताना त्याच्या पाठीवरचे आडवे आधार पाहावेत : हवा त्या आधारांच्या बाजूने बाहेर पडते.

बाजूची काच लावलेली, खोली पुन्हा ३४ : गाभा ७७, हॉट स्पॉट १००. उघड्या कॅबिनेटइतकाच हा निकाल म्हणायला हवा. रंगीत पंख्यांची शोभा जाळीमागे थोडी झाकोळते, पण ती तडजोड मला पूर्ण मान्य आहे.

खोलीतल्या कूलरबद्दल इथेच लिहून ठेवतो, कारण विदर्भात हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कूलरची ओलसर हवा संगणकाला घातक नसते. आतले भाग खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही, उलट खोली चार-पाच अंशांनी उतरली की कार्डही तेवढेच उतरते. घातक असतात ते हवेबरोबर उडणारे पाण्याचे थेंब. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो. तोच थर मदरबोर्डवर चढायला नको असेल तर कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये. आमचा कूलर आता दाराकडे तोंड करून ठेवला आहे.

२७ एप्रिल

आज कार्ड उघडले. त्याआधी मल्टिमीटरने सॉकेट तपासले. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३२ व्होल्ट, पण फेज आणि अर्थ यांच्यात जेमतेम ९० व्होल्ट दिसले. अर्थिंग नीट असते तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे असते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत, त्याचे कारण हेच होते. इलेक्ट्रिशियनने बोर्डामागची सुटलेली अर्थची तार जोडून दिली, ३५० रुपये घेतले. ज्यांना संगणकाच्या पत्र्याचा सौम्य झटका जाणवतो त्यांनी बाकी सगळे बाजूला ठेवून हे काम आधी करून घ्यावे.

कार्डाची वॉरंटी संपलेली असल्यामुळे उघडायला अडचण नव्हती. दहा मिनिटे काम देऊन कार्ड कोमट केले, म्हणजे जुनी पेस्ट मऊ पडते आणि हीटसिंक ओढताना चिपवर ताण येत नाही. मागचे स्क्रू काढले, हीटसिंक किंचित डावी-उजवीकडे फिरवली आणि बोटभर उचलून थांबलो, कारण पंख्यांची आणि दिव्यांची बारीक वायर आतून मदरबोर्डसारख्याच छोट्या सॉकेटमध्ये अडकवलेली असते. ती नखाने आधी सोडवावी लागते.

आतली अवस्था स्पष्ट होती. चिपच्या मध्यभागी पेस्ट जवळजवळ नव्हतीच. तापण्या-निवण्याच्या चक्रात ती कडेला ढकलली गेली होती आणि चारही बाजूंना सुकलेल्या करड्या रेघेसारखी जमली होती. मध्यावर चिपचा आरसा लख्ख दिसत होता. मेमरीच्या आठ चिपांवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) तेल सोडून चिवट झाले होते आणि उचलताना त्यांतले तीन फाटले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी गाळायच्या कागदाने चिप पुसून घेतली, नवी पेस्ट पातळ आणि सलग पसरवली.

पॅडच्या जाडीचा प्रश्न मात्र कठीण निघाला. दाबलेला जुना पॅड कॅलिपरने १.४ मिलिमीटर भरला. दबण्याआधी तो त्याहून जाड असणार, या हिशोबाने २ मिलिमीटरचे, जास्त उष्णतावाहक म्हणून विकले जाणारे पॅड लावले. किंमत ९५० रुपये.

२८ एप्रिल

निकाल वाईट आला. काम लावल्यावर काही मिनिटांतच हॉट स्पॉट ११० च्या पुढे जाऊ लागला आणि चाचणी थांबवावी लागली. गाभा त्या वेळी ७९ होता, म्हणजे अंतर ३१ वर गेले.

कार्ड पुन्हा उघडल्यावर कारण समोर आले. चिपवरच्या पेस्टचा ठसा हीटसिंकवर एका कोपऱ्यात दाट आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ कोरा उमटला होता. जास्त उष्णतावाहक पॅड बहुधा कडक असतात. ते पुरेसे दबले नाहीत, त्यांनी हीटसिंक एका बाजूने उचलून धरली आणि चिपचा अर्धा भाग तिला टेकलाच नाही. मेमरी थंड ठेवायला लावलेल्या पॅडांनी चिप उघडी पाडली. जाडी अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली की एवढा परिणाम होतो. नव्या पेस्टने फरक पडला नाही म्हणून पेस्टला दोष देणाऱ्यांनी हा ठसा एकदा अवश्य पाहावा. हीटसिंक उचलल्यावर पुसायची घाई न करता आधी तिचा फोटो काढावा.

४ मे

पॅडचा नाद सोडून थर्मल पुटी मागवली, ७८० रुपये. ही कणकेसारखी मऊ असते, मेमरीच्या प्रत्येक चिपवर हरभऱ्याएवढी गोळी ठेवायची आणि स्क्रू कसायचे, मग फट जेवढी असेल तेवढीच ती भरते आणि उरलेली बाजूला सरकते. जाडीचा अंदाज बांधावाच लागत नाही. व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या घटकांवरही तीच लावली. चिपभोवतीचे चार स्क्रू एकदम न कसता, समोरासमोरचे थोडे थोडे करून कसले.

खोली ३४, कॅबिनेट बंद : गाभा ७३, हॉट स्पॉट ८५. अंतर १२.

मेमरीचे तापमान या कार्डावर दिसत नाही. एनव्हिडियाच्या त्या पिढीत जीडीडीआर६एक्स मेमरी असलेली कार्डेच तो आकडा सॉफ्टवेअरला देतात, ३०६० टीआयच्या साध्या जीडीडीआर६ चे तापमान कळत नाही. म्हणून पुटीचा संपर्क डोळ्यांनीच तपासला : एकदा बसवून, पुन्हा उघडून, प्रत्येक चिपवर ठसा पूर्ण उमटला आहे की नाही ते पाहिले आणि मगच कायमचे बंद केले. त्या वेळी चिपवरची पेस्ट पुन्हा नवी लावावी लागते.

११ मे

तापमान उतरले, तरी २०० वॅट उष्णता खोलीतच सोडली जाते आणि आता बाहेर ४३ अंश आहेत. म्हणून आज कार्डाचे व्होल्टेज कमी करण्याचे काम घेतले. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडतो. कार्ड स्वतःच्या मर्जीने १.०५ व्होल्टच्या आसपास चालत होते. १८०० मेगाहर्ट्झचा वेग ०.८२५ व्होल्टला बांधून पाहिला, तेव्हा ब्लेंडर तासाभराने मध्येच बंद पडले. ०.८५० वर दोन फ्रेममध्ये पांढरे ठिपके आले. संगणक चालू होता, त्रुटीचा संदेश कुठेच नव्हता, आणि म्हणूनच ही अवस्था सगळ्यांत धोकादायक आहे. रात्रभराचे काम सकाळी वाया गेलेले दिसते. ०.८७५ वर रात्रभर रेंडर निर्दोष झाले.

वीज २०० वरून १६० वॅटवर आली. खोली ३४ असताना गाभा ६५, हॉट स्पॉट ७६, पंखे ६० टक्क्यांवर. एका फ्रेमला आता २ मिनिटे १४ सेकंद लागतात, आणि पहाटेच्या फ्रेमलाही तेवढेच लागतात. सुरुवातीचे चार सेकंद सोडून दिले की नंतरचे सोळा सेकंद वाचतात. या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत लाभाचा बदल ठरला आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक कार्डावर हा प्रयोग करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

१८ मे

तापमान आटोक्यात असूनही काल दुपारी संगणक पुन्हा बंद झाला. त्याच वेळी यूपीएसची शिटी ऐकू आली होती. यूपीएस ६०० व्हीए क्षमतेचा आहे, पण त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिले आहे आणि हिशोब वॅटवरच करायचा असतो. जुन्या स्थितीत कार्ड २००, प्रोसेसर ७६, बाकी भाग, मॉनिटर आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज मिळून हा भार ४०० च्या घरात जात होता. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडले की यूपीएस बॅटरीवर जातो, भार झेपत नाही आणि सगळे बंद होते. रात्रीचे बंद पडणेही याचेच होते, कारण परिसरातले कूलर आणि एसी रात्रीही चालू असतात. आता भार ३५० च्या आसपास आहे, पण या पिढीची कार्डे क्षणभरासाठी ठरलेल्या मर्यादेच्या बरीच वर वीज ओढतात, त्यामुळे एवढी मोकळीक पुरत नाही. ११०० व्हीए, ६६० वॅटचा यूपीएस ५,९०० रुपयांना घेतला.

कार्डाच्या दोन ८-पिन सॉकेटांना एकाच केबलची दोन तोंडे जोडलेली होती. ती काढून पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबली ओढल्या.

२५ मे

आज दिव्यांचे काम. समोरच्या तीन पंख्यांत प्रत्येकी १२ एलईडी आणि छताच्या पट्टीत ३०, असे ६६ एलईडी एकामागे एक जोडून मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या तीन-पिन हेडरवर (वायर जोडायच्या पिनांवर) दिले होते. पांढरा रंग पूर्ण उजेडावर लावला की पट्टीचे शेवटचे दिवे पिवळट दिसायचे आणि तिसरा पंखा लुकलुकायचा.

पिवळटपणाचे गणित सोपे आहे. असा एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. हेडरची मर्यादा ३ अँपिअर, म्हणजे ५० एलईडी. पट्टीच्या टोकाला मल्टिमीटरने ४.३ व्होल्टच भरले. व्होल्टेज घटले की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, लाल टिकून राहतो. थेट पॉवर सप्लायच्या साटा केबलवरून वीज घेणारा हब ६५० रुपयांना आणला, त्यामुळे मदरबोर्डकडे फक्त संदेशाची तार उरली. टोकाला आता ४.८ व्होल्ट आहेत.

लुकलुकणे मात्र हबनेही थांबले नाही. या दिव्यांत रंगाचा संदेश एका एलईडीकडून दुसऱ्याकडे दिला जातो, म्हणून दोष जिथे लुकलुक सुरू होते तिथे किंवा त्याच्या लगेच आधी शोधावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंख्यामधल्या जोडणीतले पितळी छिद्र सैल झाले होते. सुईने ते किंचित आवळल्यावर दिवे स्थिर झाले.

शेजारीच १२ व्होल्टचे चार-पिन हेडर असते. ५ व्होल्टचे दिवे त्यावर बसवले तर क्षणात जळतात. तोंडांचा आकार वेगळा असला तरी जोडवायरींमध्ये तो फरक नाहीसा होतो, म्हणून जोडण्याआधी हेडरवरचे व्होल्टेज मोजून घेतले.

संगणक बंद केल्यावरही दिवे चालू राहत, ते बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) 'इआरपी' हा बंद अवस्थेतली वीज कमी करणारा पर्याय सुरू केल्यावर थांबले. मदरबोर्डचे दिव्यांचे सॉफ्टवेअर आणि ओपनआरजीबी हा दिवे चालवणारा दुसरा प्रोग्राम एकाच वेळी चालवू नये. दोन्ही एकाच हार्डवेअरला हुकूम देतात आणि रंग मध्येच बदलतात. मी ओपनआरजीबी ठेवले.

२ जून

३० मे रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर पोचली. सेन्सरच्या दोषामुळे तो आकडा चुकीचा आल्याचे हवामान विभागाने नंतर सांगितले. इथे त्याचा उल्लेख करण्याचे कारण असे, की एचडब्ल्यूइन्फोमध्ये मदरबोर्डच्या यादीत 'ऑक्सटिन' नावाच्या ओळीवर १२७ अंश दिसत होते. त्या नावाला मदरबोर्डवर सेन्सरच जोडलेला नसतो आणि चिप रिकाम्या तारेचा काहीतरी आकडा छापते. घरातला कोणीही तो पाहून घाबरेल, म्हणून ती ओळ लपवून टाकली. आकडा खरा की खोटा हे ओळखायचे असेल, तर काम लावून आणि थांबवून पाहावे : खरा सेन्सर वर-खाली होतो.

९ जून

शेवटचे काम पंख्यांच्या आलेखाचे. बायोसला ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसत नाही, त्यामुळे कॅबिनेटचे पंखे फक्त प्रोसेसरकडे पाहून फिरतात आणि कार्ड तापत असताना आळशी राहतात. 'फॅन कंट्रोल' या मोफत प्रोग्राममध्ये समोरचे आणि तळाचे पंखे कार्डाच्या तापमानाला जोडले. प्रोसेसरचे तापमान एका क्षणात दहा अंश उडी घेते आणि पंखे उगाच हुंदके देतात. म्हणून त्या आलेखाला काही सेकंदांचा विलंब दिला. मागचा जुना पंखा तीन-पिनचा आहे, तो पीडब्ल्यूएम पद्धतीवर (वेगाचा संदेश चौथ्या पिनवरून देण्याच्या) सतत पूर्ण वेगाने फिरायचा. बायोसमध्ये त्या हेडरची पद्धत डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याची) केल्यावर तो ऐकू लागला.

खर्च असा झाला : जाळी २८०, अर्थिंग ३५०, पेस्ट ५५०, वाया गेलेले पॅड ९५०, पुटी ७८०, हब ६५०, यूपीएस ५,९००. एकूण ९,४६० रुपये. यूपीएस वगळला तर साडेतीन हजारांत सगळे झाले असते.

बायोस अद्ययावत केला की पंख्यांच्या पद्धती, इआरपी आणि आलेख पुसले जातात, म्हणून त्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत. आफ्टरबर्नरचा आलेख विंडोज सुरू होताना आपोआप लागावा यासाठी तो पहिल्या प्रोफाइलमध्ये साठवून स्टार्टअपची खूण केली आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यावर ती खूण टिकली आहे का, ते तपासायचे आहे.